दुपारचं माप

नदीचं पाणी मोजायचं काम माझ्याकडे आलं ते माझं घर नदीला सगळ्यात जवळ म्हणून, आणि मी कुणाशी भांडत नाही म्हणून. दुसरं कारण सरपंचांनी ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "ती बाय वादात पडायची नाय," असं ते म्हणाले, तेव्हा पुरुष हसले. मी मागे बायकांत बसले होते. मीही पदर तोंडाला लावून हसले. मला त्यात वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर कुणी माझ्याकडून काही लिहून मागितलं नव्हतं. रेशनच्या दुकानात सही करते तेवढंच.

आमचं गाव कापड्याच्या पुढे, डोंगराच्या पायाला आहे. नदीच्या पलीकडे वरचं गाव, रस्ता आणि एसटीचा थांबा. अलीकडे आमची बौद्धवाडी. दोन्हीच्या मध्ये पायी जायचा साकव आहे आणि साकवाच्या खाली डोह. डोहाच्या पलीकडच्या काठाला मोठा काळा कातळ सरळ पाण्यात उतरलेला आहे. तिथे वरच्या गावातले पुरुष आंघोळीला येतात. आम्ही बायका कपडे धुतो ते खाली, वळणापलीकडे. तिथून डोह दिसत नाही.

डोहात मासे होते. हिरवट पाठीचे, अंगावर पितळी खवले, काही तर माझ्या हाताएवढे लांब. वरचं गाव त्यांना देवाचे मासे म्हणायचं, पुनवेला त्यांना भात घालायचं. आम्ही देव मानत नाही. पण डोहातला मासा आम्हीही कधी धरला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, खाली हवे तेवढे धर, डोहात हात घालायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात डोंगर खाली आला, तेव्हा डोह निम्मा दगडांनी भरला. पूर्वी तिथे बांबू तळाला लागत नव्हता म्हणतात. आता मधोमध माणूस छातीएवढा बुडेल. पाऊसही पहिल्यासारखा राहिलेला नाही. पूर्वी तो चार महिने पडायचा आणि डोंगर ते पाणी धरून ठेवायचे. आता आठ दिवसांत सगळं ओतून जातो, मग पंधरा दिवस ऊन. होळीला नदीचा आवाज यायचा माझ्या चुलीपाशी. हल्ली माघातच यायचा बंद होतो.

आणि मोटरी वाढल्या. पूर्वी भातानंतर वाल टाकायचा, तो दंवावरच यायचा. आता भेंडी, काकडी, गवार. महामार्गावर टेम्पो उभे असतात, माल लगेच उचलतात. डोहावर सात मोटरी होत्या. सहा वरच्या गावाच्या, एक आमची. आमची म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. माझा नवरा एमआयडीसीत कामाला, बिरवाडीला खोली घेऊन राहतो, रविवारी येतो. घरची शेती दीरच बघतो. तेव्हा आमची मोटर म्हटलं तरी चालेल. तिच्यावरची भेंडी मीच तोडायचे.

एक मॅडम यायच्या मोटरसायकलवरून. कॉलेजात शिकवतात, नदीचा अभ्यास करतात. त्यांनी ग्रामसभेत सांगितलं की पाणी उचला, पण नदीचा वाटा तिला ठेवा. जसा घरात वाटा पडतो, तसा तिचाही धरा. तिचा वाटा संपला की मासे, खेकडे, काठावरची झाडं, सगळं जातं, आणि शेवटी तुमच्या विहिरीही जातात.

माझा दीर मागून म्हणाला, "म्हंजे नदी आमची भावकीच झाली की. सातबाऱ्यावर नाव चढवा मग तिचं."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "चढवता आलं असतं तर मी आधी तेच केलं असतं."

त्या चांगल्या होत्या. त्यांनी कधी कुणाला हिणवलं नाही, म्हणून लोकांनी ऐकलं. शेवटी ठराव झाला. कातळावर पट्टी रंगवायची, सेंटिमीटरचे आकडे घालायचे, तीसवर लाल रेघ ओढायची. पाणी रेघेच्या वर आहे तोवर मोटरी चालू द्यायच्या. रेघेच्या खाली गेलं की शेतीच्या सातही मोटरी बंद, फक्त पिण्याच्या पाण्याची चालू. रोज सकाळी सात वाजता कुणीतरी पट्टी वाचून वहीत लिहायचं आणि आकडा तीसच्या खाली आला तर त्याच दिवशी वही सरपंचांकडे न्यायची. ते कुणीतरी म्हणजे मी.

मॅडमनी मला दोन वह्या दिल्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. एकीत मापं. दुसरी उरली, तीत मी हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं म्हणून नाही.

आता मी काय केलं ते लिहिते.

पहिल्या दिवशी मी सातला गेले. साकवावरून पलीकडे उतरले तर कातळावर पाच-सहा पुरुष आंघोळ करत होते. कुणी पंचा लावून बसलेलं, कुणी साबण लावत उभं. आकडे त्यांच्या पायांपाशी होते. मी साकवाच्या तोंडाशीच थांबले. एक म्हातारे आहेत वरच्या गावात, सगळ्यांना चिडवतात. ते म्हणाले, "या या, कलेक्टर मॅडम आल्या. सरका रे, पाण्याची मोजणी हाय." दुसरा म्हणाला, "आमची पन मोजनी हाय काय?" आणि सगळे मोठ्याने हसले.

त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण मला पुढे पाऊल टाकता येईना. आमच्या वाडीतली बाई त्या कातळावर कधी गेलेली मी पाहिली नव्हती. मनाई होती असं नाही, कुणी जात नव्हतं एवढंच. मी मागे वळले.

त्या दिवशी कपडे धुऊन झाल्यावर, उन्हं डोक्यावर आली तेव्हा, मी नदीतून वरच्या अंगाला चालत गेले. कातळावर कुणी नव्हतं. कातळ तापला होता, पाय भाजत होते. मी खाली बसून पट्टी वाचली. अडतीस. लिहून ठेवलं. सकाळी काय आणि दुपारी काय, नदी तीच, असं मला वाटलं. वहीत मॅडमनी वरती छापील अक्षरात लिहिलं होतं, 'वेळ: सकाळी ७'. तो रकाना त्यांनीच भरून दिला होता, म्हणून मला वेळ लिहावी लागली नाही. मी फक्त तारीख आणि आकडा लिहायचे.

असे दोन महिने गेले. अडतीस, अडतीस, सदतीस. माझे आकडे सुबक येतात. मॅडम एकदा मोबाईलवर फोटो काढायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "एकही दिवस चुकवला नाहीत तुम्ही." मला फार आनंद झाला होता. त्या वेळी सांगता आलं असतं. पण मला त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी जानेवारीपासूनच आमच्याकडे शेतीची वीज रात्रीची झाली होती. रात्री यायची, सकाळी सहाला जायची. मोटरी रात्रभर चालायच्या. हे सगळ्या गावाला माहीत, मलाही माहीत. दीर पाणी लावायला जायचा आणि सकाळी डोळे चोळत चहा मागायचा. तरी माझ्या डोक्यात ते दोन आणि दोन चार झालं नाही.

वीस मार्चला आम्ही वाडीतल्या सगळ्या महाडला जातो, चवदार तळ्यावर. आमच्या माणसांनी ज्या दिवशी त्या तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं, तो हा दिवस. लांबलांबून माणसं येतात, म्हणून गर्दीच्या आधी पोचायला टेम्पो सकाळी लवकर ठरवतात. त्या दिवशी सव्वासहाला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून साकवावरून चाललो होतो. उजाडलं होतं. पुरुष अजून आंघोळीला आले नव्हते. माझी जाऊ पुढे होती, लेकरू कडेवर. मी सहज खाली बघितलं.

लाल रेघ कोरड्या कातळावर होती. पाणी तिच्याखाली चांगलं सहा बोटं. पट्टीच्या खालच्या आकड्यांवर हिरवं ओलं शेवाळ लोंबत होतं. डोहाच्या वरच्या तोंडाला जिथून पाणी आत येतं तिथे नुसते ओले दगड. आणि कातळाच्या पोटाशी जे थोडं खोल पाणी उरलं होतं, त्यात सगळे मासे एका जागी गोळा झालेले, तोंडं वर करून.

आदल्या दुपारी मी पस्तीस लिहिलं होतं.

"ताई, चल गो," जाऊ म्हणाली. "टेम्पो हॉर्न मारतोय."

मी गेले. महाडला दिवसभर होते. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका पाणी घेत होत्या, मीही घेतलं. पण माझं लक्ष नव्हतं. मला वाटत होतं, कुणी बांध फोडला असेल. मला वाटत होतं, मी चुकीचं बघितलं असेल. दुपारी चारला परत आलो तेव्हा मी साडी न बदलताच साकवावर गेले. पाणी रेघेच्या वर होतं. चौतीस.

तेव्हा कळलं. रात्रभर सात मोटरी डोह ओढून घ्यायच्या. सकाळी तो तळाला जायचा. मग दिवसभर वरून झिरपून, सुतासारखी धार येऊन तो पुन्हा भरायचा, आणि भरला की मी पट्टी वाचायला जायचे. दोन महिने मी नदीला तिची झोप झाल्यावर बघत होते.

आणखी एक गोष्ट कळली, ती लिहायला मला वेळ लागतो आहे. त्या कातळावर रोज सकाळी पाच-सहा माणसं आंघोळ करत होती. पट्टी त्यांच्या पायांपाशी होती. त्यांच्यात निदान चार मोटरवाले होते. त्यांना रोज दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सातला गेले. पुरुष होतेच. मी साकवावरून उतरले आणि तशीच चालत राहिले. चिडवणारे म्हातारे काही म्हणणार होते, पण माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. एकाने पाय बाजूला घेतला. मी खाली वाकले. एकोणीस. लिहिलं आणि तशीच वही घेऊन सरपंचांच्या ओटीवर गेले.

सरपंच दात घासत होते. चूळ भरून त्यांनी वही घेतली आणि बोटाने रकान्यावरून खाली आले. "छत्तीस, पस्तीस, पस्तीस, काल चौतीस. आन आज एकोणीस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एका रात्रीत पंधरा? नदी हाय का बादली?"

मी आजच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बरं, रविवारी समिती बसवू," ते म्हणाले.

रविवारला अजून चार दिवस होते. ते चारही दिवस मी सातला गेले. अठरा. अठरा. सतरा. पंधरा. मोटरी चालूच होत्या, कारण समिती बसल्याशिवाय बंद कशा करायच्या. मी दिराला घरी म्हटलं, "भावजी, आपली तरी बंद ठेवा." तो म्हणाला, "वयनी, आपली एक बंद करून काय व्हायचंय? बाकीची सहा आपलं बी पाणी ओढतील. भेंडी फुलावर हाय." तो खोटं बोलत नव्हता.

रविवारी ग्रामपंचायतीत समिती बसली. नवरा घरी होता, म्हणाला, मी येऊ का? मी नको म्हटलं. आत नऊ पुरुष आणि मी. मला दाराजवळ खुर्ची दिली. वही टेबलावर फिरली.

एक म्हणाला, "बाईंचं माप चुकलं असंल. पट्टीवर शेवाळ धरलंय."

दुसरा म्हणाला, "पोरं दगड काढून पाणी सोडतात खाली, मासं बघायला. तसं काय झालं असंल."

माझा दीर म्हणाला, "वयनी, चष्मा कर तू आता. परवा मला चहात मीठ घालून दिलंन." सगळे हसले. तो मला वाचवायला बोलला होता. हसण्यावारी गेलं तर कुणी मला ओरडणार नाही, असं त्याला वाटलं असणार.

मग सरपंचांनी वही पुढ्यात घेतली आणि सरळ विचारलं. आवाज चढवून नाही, साधा. "रोज सातलाच बघतेस ना तू?"

आंघोळीला येणाऱ्यांपैकी तिघं तिथे बसले होते. मी सातला येत नव्हते हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. एकजण खिडकीतून बाहेर बघत होता. एकजण मोबाईल बघत होता. चिडवणारे म्हातारे माझ्याकडेच बघत होते आणि त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. 'नाही, दुपारी बघत होते, लाज वाटायची म्हणून.' एवढंच. पण हे नऊ पुरुषांसमोर म्हणायचं म्हणजे, तुम्ही उघड्या अंगाने असायचात म्हणून मी येत नव्हते, असं म्हणायचं. आणि दोन महिन्यांची वही खोटी, असं म्हणायचं. मॅडम म्हणाल्या होत्या, एकही दिवस चुकवला नाहीत.

मी मान हलवली. होय म्हणून.

"मग झालं," सरपंच म्हणाले. "रोज सातचं माप हाय आन दोन म्हयनं पानी रेघंच्या वर हाय. हे चार-पाच दिवसांचं कायतरी वेगळं हाय. आठ दिवस बघू. नायच चढलं तर बंद करू."

मला वाटतं त्यांचा खरंच विश्वास होता वहीवर. ते पलीकडे विहिरीवर आंघोळ करतात, नदीवर येत नाहीत. सगळ्या खोलीत एकटे तेच असे होते ज्यांना काही माहीत नव्हतं. आणि त्यांच्याशीच मी खोटं बोलले.

आठ दिवस फार झाले. तिसऱ्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. पाणी कोमट होतं, हात घातला तर आंघोळीच्या पाण्यासारखं. मी आमच्या विहिरीचं पाणी कळशीने नेऊन कातळाच्या पोटाशी ओतायला लागले. चार कळशा ओतल्या, पाचवी ओतली. जाऊ काठावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "ताई, विहिरीला पन तळ दिसाय लागलाय." मग मी थांबले.

पाचव्या दिवशी सकाळी सातला गेले तेव्हा ते उलटे झाले होते. पांढरी पोटं वर. मी मोजले नाहीत. मोजायला मला सांगितलं नव्हतं आणि मला ते जमलंही नसतं. पुरुष काठावर होते पण आंघोळ करत नव्हते. पट्टीवर अकरा होतं, ते मी लिहिलं.

दुपारी वरच्या गावातून वाडीत निरोप आला. देवाचे मासे आहेत, तसे कुजत ठेवायचे नाहीत, देवळामागे खड्डा करून पुरायचे. वाडीतल्या पाच-सहा जणांनी यावं, उचलायला.

दीर अंगणात फावडं घासत होता. त्याने निरोप आणणाऱ्याला विचारलं, "आमीच का?"

"तसं नाय. माणसं पायजेत म्हनून."

"माणसं तिकडं नायत काय? भात घालताना तर लय असायची." तो उठून उभा राहिला. "मेलेलं उचलायचं काम आमच्या आज्यानं सोडलं. ते सोडलेलं सोडलेलंच. सांग जाऊन."

निरोप्या गेला. वाडीतून कुणी गेलं नाही. दिराचं बरोबर होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला, तो कधी नव्हे एवढा ताठ उभा राहिला होता. पण ते मासे माझ्यामुळे मेले होते. मला जायचं होतं. पाटीत एकेक उचलून न्यायचे होते, कुणी बघो न बघो. मी गेले असते तर त्याचं बोलणं पाण्यात गेलं असतं. वाडीतली बाई आलीच शेवटी, असं झालं असतं. म्हणून मी घरात बसले. पूर्ण दीड दिवस वास येत होता, चुलीपर्यंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या गावातल्या माणसांनीच नाकाला फडकी बांधून ते उचलले. चिडवणारे म्हातारे गुडघाभर चिखलात उतरले होते असं ऐकलं.

आठ दिवस पुरे झाल्यावर समिती बसली. मला बोलावणं नव्हतं. दिराने येऊन सांगितलं.

"बंद नाय करायचं ठरलं."

"का?"

"ठराव काय व्हता, माशांचा डोह राखायचा. मासं ऱ्हायलं नायत. आता राखायचं काय?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "उलट मोटरी आनिक खाली सरकवायच्या हायत. तळाचं पानी हाय त्याच्यात भेंडी निघंल."

तसं झालं. कातळाच्या पोटाशी जिथे मासे गोळा झाले होते तिथे पाइप टाकले. भेंडी निघाली. मी तोडली, मी निवडली. चांगली आली होती, कोवळी.

पाऊस लागायच्या आत मॅडम आल्या. त्यांना मासे मेल्याचं कुणी फोनवर कळवलं होतं. त्या कातळावर बराच वेळ एकट्या बसल्या. मग आमच्या अंगणात आल्या, वही मागितली. पान पान बघितलं, फोटो काढले. दीर तिथेच होता, जाऊ होती, शेजारच्या दोघी आल्या होत्या.

"मासे मेले त्याच्या आधीच्या दहा दिवसांत एकदम घसरलंय," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या आधी तर दोन महिने रेघेच्या वरच होतं. म्हणजे गावाने पाण्याचा वाटा ठेवला होता." त्यांनी वही मिटली. "वाटा ठेवूनही गेले. ऊनच एवढं वाढलंय. मला वाटायचं एवढं पाणी पुरेल. मी खाली आणखी दोन गावांना हेच सांगणार होते. आता काय सांगू त्यांना?"

मी चहा पुढे केला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम नीट केलंत."

त्या गेल्या तेव्हा मी साकवापर्यंत पोचवायला गेले. साकवावर आम्ही दोघीच होतो. तिथेही मी सांगितलं नाही. गाडी चालू झाली, त्यांनी हात हलवला, मीही हलवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी जावेला सांगितलं. तिलाच पहिल्यांदा. दुपारी बघत होते ते, रविवारी मान हलवली ते, सगळं. आम्ही मागच्या दारात वाल सोलत होतो. तिने हात थांबवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्यांना रोज दिसत व्हतं ना?"

"व्हतं."

"आन आमच्या ह्यांना?"

तिचा नवरा रात्री मोटर लावून सकाळी साकवावरूनच घरी यायचा. मी पुढचा वाल सोलला.

"मग तू बोलली असतीस तरी काय मोटरी बंद केल्या असत्यान? दुसरंच कायतरी काढलं असतंन. तू का जिवाला लावून घेतेस?"

ती मला बरं वाटावं म्हणून बोलत होती, आणि ती म्हणाली तसंच झालं असतं, असं मलाही बहुतेक वेळा वाटतं. मोटरवाले म्हणाले असते, बाई खोटी आहे. किंवा म्हणाले असते, पट्टी खोटी आहे. नाहीतर खरं आहे म्हणाले असते आणि तरी चालू ठेवल्या असत्या. यंदा मोटरी अकरा आहेत. मी सातला जाते, कारण जाऊ नको असं कुणी सांगितलेलं नाही. आकडा लिहिते, तो कुणी मागत नाही. पावसात पाणी आलं, डोह भरला, पुन्हा उतरला. त्यात एक बोटाएवढा मासासुद्धा दिसला नाही.

पण जावेला मी तेव्हा जे म्हटलं नाही ते इथे लिहिते. त्यांनी बंद केल्या नसत्या, तर ते पाप त्यांचं झालं असतं. सरपंचांना खरं कळलं असतं, ते काय करतात ते दिसलं असतं. नऊ माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागलं असतं की नदीचा वाटा ठेवायचा की नाही. तशी वेळ त्यांच्यावर आलीच नाही. कुणाला नाही म्हणावंच लागलं नाही. सगळे वहीकडे बघत राहिले आणि वही माझ्या हातची होती.

जाऊ म्हणाली, "तो वाल दे इकडं, तू नुसता हातात धरून बसलीयस." मी दिला.